रेंजचा खडक

आमच्या पाड्यात रेंज नाही.
येते ती वरकसाच्या टोकाला, त्या काळ्या खडकावर,
तीसुद्धा माहुलीकडे तोंड करून बसलं तर.
खाली तानसाचं पाणी दिसतं. ते मुंबईचं.
दिसतं, लागत नाही.

संस्थेने टॅब दिला मला.
मला, म्हणजे गणितात दोनदा गेलेल्या
सुगंधा वारघडेला.
सर म्हणाले, आजपासून तू ताई.
उंदीर कव्हर कुरतडतात,
म्हणून ताई रात्री पिठाच्या डब्यात झोपवते त्याला.

मंगळवारी भाकऱ्या उरकल्या की बाया वर येतात.
नवशी, पारी, हौसाकाकू, शिदांच्या दोघी जावा,
आणि न बोलावता काळू आगिवले,
जो म्हणतो, मी आपला वारा खायला आलोय,
आणि सगळ्यांच्या पुढे बसतो.

पडद्यावरचा माणूस म्हणतो,
नमस्कार शेतकरी बंधूंनो.
हौसाकाकू काळूच्या पाठीत कोपर मारते:
ऊठ, तुला बोलावतोय.

तो म्हणतो, राब भाजू नका.
पाला, शेण, डहाळ्या,
जाळता ती मातीच्या तोंडची भाकर आहे.
पारी म्हणते, आणि तण?
तण काय तुझी आई बेणायला येईल?
पडद्याला ऐकू जात नाही, ठाऊक आहे तिला.
तरी थांबते. उत्तर येईल म्हणून.

नेमकं तेव्हाच ते गोल फिरायला लागतं.
जात्यासारखं. पीठ मात्र पडत नाही.

अशा वेळी आम्ही घरी जात नाही.
मी मागच्या मंगळवारचं विचारते.
शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले होते,
किती मोडावले?
हौसाकाकू पदराची गाठ सोडते. मोजते. पुन्हा मोजते.
त्र्याऐंशी.
म्हणजे त्र्याऐंशी टक्के, मी म्हणते,
आणि माझं मलाच काहीतरी होतं.
शाळेत मला कुणी दाणे का नाही दिले?

यादीत पिकाचं नाव निवडायचं असतं.
महाडी त्यात नाही.
लाल भात, पेज दाट होते ज्याची, तो भात नाही.
'इतर' आहे.
मी 'इतर'वर बोट ठेवते, नाइलाजाने,
आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत लिहिते: महाडी.
दर वेळी. प्रत्येक बाईच्या नावापुढे. महाडी.

गोल अजून फिरतंय.
नवशी कुणाकडेच न बघता बोलते:
मी गेल्या साली एक तुकडा नाही भाजला.
कुणालाच नाही सांगितलं.
घरात म्हटले असते, आळशी झाली.

मग?

मग काय. तण आलं. दोनदा बेणलं.
पण रोप उपटलं ना,
तर मुळाला माती धरून आली,
पोर मानेला धरतं तशी.
आणि गांडुळं. पावलाखाली लोणी असल्यासारखं.

पारी गप्प.
काळू पहिल्यांदाच मागे वळून बसला.
बॅटरी सात टक्के.
मी लाल बटण दाबलं, म्हटलं, नवशे, परत सांग.
तिने पदर डोक्यावर घेतला,
मग काय वाटलं कोण जाणे,
खाली टाकला, आणि परत सांगितलं.
दुसऱ्या दिवशी ते पाठवून दिलं. कुठे जातं, विचारलं नाही.

वैशाख सरता सरता एक आवाज आला,
मुरबाडकडच्या कुठल्याशा वाडीतून.
मागे कोंबडी ओरडत होती.
बाई विचारत होती:
ओ नवशीताई, बेणणी दोनदाच की तीनदा?
आमचा उतार आहे, म्हणून इचारते.

ताई म्हटलं तिला. मी ऐकवलं. तिने पुन्हा लावायला लावलं.
मग टॅब माझ्या हातातून घेतला, उलटा धरला,
खडकाच्या कडेला जाऊन उभी राहिली
आणि दरीपलीकडच्या माणसाला हाक घालावी
तशी ओरडली:

दोनदाऽऽ!
पण उतार असला तर
आधी बांध घाल गं बाय!